जिवंत पोरीची तेरवी

ताटली स्टीलची होती. तिच्यात बुंदी. वर वर्तमानपत्राचा तुकडा झाकलेला. ती घेऊन येणारा माणूस गावातल्या मालकांच्या घरचा सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवर त्यांच्या शेतात राबणारा गडी. आणि तो आमच्याच बौद्धपुऱ्यातला. देवरावकाका. लहानपणी यानंच मला खांद्यावर बसवून पोळा दाखवला होता. त्या दिवशी तो दारात उभा राहिला, माझ्याकडे पाहिलं नाही, ताटली पुढे केली.

“घे वं पोरी. मालकानं धाडलं. म्हणे, तिच्या सासरीबी तेरवीचं गेलं पाह्यजे.”

जिची तेरवी होती ती जिवंत होती.

तिचं नाव प्रणाली. मालकाची मुलगी. शाळेत ती आणि मी एकाच वर्गात होतो. पुढे मी शेलूबाजारला टेलरकीचं दुकान टाकलं, ती ब्लाउज शिवायला यायची, आणि दादा मला डबा द्यायला यायचा. दादा म्हणजे माझा मोठा भाऊ. मोटर वायंडिंगचं काम करायचा, जळालेल्या मोटरी दुरुस्त करायचा. प्रणालीचे ब्लाउज फार वाढायला लागले तेव्हा मला समजलं. मी दोघांनाही चिडवायचे. एका वर्षात एवढे ब्लाउज नवरीलाही लागत नाहीत, म्हणायचे.

दोघांनी रजिस्टर लग्न केलं आणि कारंज्याला खोली घेतली. इकडे तिच्या बापानं डोकं भादरलं. ग्रामपंचायतीसमोर फ्लेक्स लागला. भावपूर्ण श्रद्धांजली. वर प्रणालीचा फोटो, बारावीच्या निरोपाच्या दिवशीचा, मोरपंखी साडीतला. त्या साडीवरचा ब्लाउज मी शिवला होता, दुकान टाकायच्या आधी, घरच्या मशीनवर. तेराव्या दिवशी मंडप पडला, आचारी आला, सगळं गाव जेवलं. सरपंच जेवले. आमचे हेडमास्तर जेवले, ज्यांनी आम्हाला समतेवर निबंध लिहायला लावले होते. तळणाचा वास आमच्या पुऱ्यापर्यंत येत होता.

पंगती उठल्यावर ही ताटली आली.

मी ती फेकणार होते. मायनं हात धरला. “ठेव आत. अन्न हाय.” बाबा खाटेवर बसले होते. ते उठलेही नाहीत. मला त्यांचा एवढा राग आला की मी बुंदी डब्यात भरली, जीप पकडली आणि थेट कारंज्याला गेले. दादाला दाखवायची होती. तू कुणाच्या घरात नातं केलं ते बघ, असं म्हणायचं होतं.

दादा कामावर होता. प्रणाली एकटी होती. आता ती माझी वहिनी होती, पण मला अजून वहिनी म्हणता येत नव्हतं.

“काय आणलं वं डब्यात?”

“बुंदी.”

“कायची?”

मी झाकण काढून डबा पुढे केला. तिनं बुंदीकडे पाहिलं. मग तिला कळलं. फ्लेक्सचा फोटो तिला कुणीतरी मोबाईलवर पाठवला होताच.

“माह्याच नावाची हाय ना?” ती म्हणाली. “मंग मीच खाते.”

तिनं चिमूटभर तोंडात टाकली. चावली. “साखर कमी हाय. आचारी तोच असन, माह्या मावसबहिणीच्या लग्नातला. तवाबी असीच केलती त्यानं.”

आणि ती हसली. मीही हसले. हसता हसता ती रडायला लागली, आणि मग आम्ही दोघी खूप वेळ भिंतीला टेकून बसलो. तिचा हात माझ्या हातात होता. जी बाई मेली म्हणून गाव जेवलं होतं, तिचा हात चांगला गरम होता. त्या दिवसापासून मी तिला वहिनी म्हणायला लागले.

ती तेरवी म्हणजे काय होतं, ते मला तेव्हा कळलं नाही. मला वाटलं, अपमान आहे. आपल्याला अपमानाची सवय आहे. सोसू. आता कळतं की तो अपमान नव्हता. तो गावाला विचारलेला प्रश्न होता. ही पोरगी आमच्यासाठी मेली, तुम्हाला चालतं का? गावानं जेवून हो म्हटलं. हात धुऊन, सुपारी तोंडात टाकून, मालकाला नमस्कार करून हो म्हटलं.

वर्ष गेलं. वर्षाहून जास्तच. दादाचं काम चांगलं चाललं होतं. वहिनी एका मेडिकलमध्ये काउंटरला बसायची. गावात ती दोघं यायची नाहीत, आम्हीच जायचो. गाव शांत होतं. लोक माझ्याकडे कपडे शिवायला येत. अंगाचं माप घेऊ देत, खांद्याला, छातीला, कमरेला माझा हात चालत असे. पाणी विचारलं की म्हणत, तहान नाही. भर उन्हात यांना तहान कशी नसते याचं मला लहानपणापासून नवल आहे.

मग धोंड्याचा महिना आला.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. अधिक महिन्याला आमच्याकडे धोंड्याचा महिना म्हणतात. त्या महिन्यात लेक आणि जावई घरी बोलावतात. जावयाचे पाय धुतात, पुरणाचे धोंडे करून खाऊ घालतात, कपडे करतात. त्या महिन्यात जावई म्हणजे देव. हे त्यांच्यात. आमच्या घरानं देवधर्म आजोबांच्या काळातच सोडला.

एका दुपारी वहिनीचे वडील आमच्या पुऱ्यात आले. चालत. एकटे. भादरलेल्या डोक्यावर केस परत आले होते, चांगले विंचरलेले. बायका दाराशी उभ्या राहून पाहू लागल्या, कारण त्या घरातला माणूस आमच्या गल्लीत मतं मागायलासुद्धा कधी आला नव्हता. ते आमच्या अंगणात आले. बाबा खाटेवरून उठले आणि उभेच राहिले.

“बसा ना,” मालक म्हणाले. आमच्याच घरात आम्हाला. मग स्वतः प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले. “झालं गेलं गंगेले मिळालं. पोट्टी आमचीच हाय. तिची माय रडू रडू अर्धी झाली. धोंड्याचा महिना हाय, जावई जेवला पाह्यजे घरी.”

मायनं घाबरत विचारलं, “च्या घेसान?”

“कर ना. काहून नाई.”

आत माझी नि मायची धांदल उडाली. घरातले कप कुठले टवके उडालेले, कुठले कानतुटके. दादाच्या लग्नाची भेट म्हणून एक सेट आला होता, निळ्या फुलांचा, खोक्यातून काढलाच नव्हता. मायनं ते खोकं फोडलं. एक कप धुतला, पुसला, परत धुतला. चहात साखर दोनदा टाकली की नाही तेही तिला आठवेना. मी चहा नेऊन दिला. माझं लक्ष त्यांच्या ओठांकडे होतं.

ते प्यायले. सगळा. तळाशी राहिलेला घोटही प्यायले. कप माझ्या हातात परत दिला आणि म्हणाले, “च्या मस्त केली पोरी.”

ते गेल्यावर अख्खा पुरा आमच्या घरात आला.

“खरंच पेले?”

“पुरा कप?”

“पाह्य ना, हा काय, खाली कायी ठेवलं नाई.”

शेजारच्या आजीनं कप हातात घेऊन उजेडात धरून पाहिला. मायनं तो धुऊन फळीवर ठेवला, बाकीच्या कपांपासून वेगळा. कुणी त्याला हात लावायचा नाही. आमच्या आज्याला त्यांच्या घरी वेगळा कप असायचा, गोठ्याच्या भिंतीत खोचलेला. आता त्यांच्यासाठी आमच्या घरात वेगळा कप झाला. मी हे हसून म्हटलंही. कुणाला काही वाटलं नाही, सगळे खूश होते.

हीच चूक झाली. बाहेरच्या माणसाला ती चूक समजायची नाही. तो म्हणेल, एका कप चहावर कसा विश्वास ठेवला? पण ज्यांच्या घरचं पाणी पिढ्यानपिढ्या कुणी प्यायलं नाही, त्यांना एक कप चहा म्हणजे काय असतं, ते आम्हालाच माहीत. आमच्यासाठी तो शंभर रुपयांच्या स्टॅम्पपेपरहून पक्का होता. जो आपल्या घरचं प्यायला तो आपल्याला माणूस समजतो, आणि माणसाला कुणी असंच मारत नाही. एवढाच आमचा हिशोब होता. वहिनीच्या बापाला आमचा हा हिशोब पाठ होता.

वहिनीला फोन केला. ती म्हणाली, “बाबानं आपल्या घरी च्या पेला? बाबानं?” तिला आईला पाहायचं होतं. दादा नको म्हणत होता. बाबांनी त्याला समजावलं. ते शब्द बाबांना आजही झोपू देत नाहीत. म्हणाले, “आपल्यात हे धोंडेफिंडे नाईत, मले मालूम हाय. पण ते बलावून राह्यले. देव म्हणून नोको जाऊ. जावई म्हणून जाय.”

दोघं मोटरसायकलवर आली. पाऊस उघडला होता, रस्त्यावर चिखल. आधी आमच्या घरी थांबली. मायनं दादाचा पांढरा शर्ट स्वतः इस्त्री केला आणि त्याच्या सासूसाठी माझ्याकडून साडी मागून घेतली. मी गावच्या चौकापर्यंत त्यांच्यासोबत गेले. तिथून त्यांचं दार दिसतं. मी थांबून पाहिलं. वहिनीच्या आईनं तांब्याभर पाणी दादाच्या पायांवर ओतलं. दादा ओशाळून मागे सरकत होता. पायातली चप्पल काढायला तो विसरला होता, मग त्यानं घाईनं काढली. वहिनी हसत होती. दार लागलं.

मी हे माझ्या डोळ्यांनी पाहिलं. त्या बाईला तेव्हा माहीत होतं का, मला सांगता येत नाही. तांब्या रिकामा होईपर्यंत तिनं पाणी ओतलं, एवढं सांगते.

दिवस मावळायच्या आत ओरड झाली. जावई विहिरीत पडला. मोटर बिघडली होती म्हणे, तो पाहायला गेला, करंट लागला आणि पडला. भर पावसाळ्यात. विहीर काठोकाठ भरलेली, शेतात पाय ठेवला तर घोट्यापर्यंत रुततो, अशा दिवसांत ओलिताची मोटर कोण चालवतं? बाबा हे ज्याला त्याला विचारत होते. ठाण्यातल्या साहेबांनाही विचारलं. साहेब म्हणाले, “तुमचा पोरगा मिस्त्री होता ना? मंग.” दादाच्या डोक्याला मागून मार होता. तो पडताना लागला म्हणाले.

आणि वहिनीनं ते दुःख सहन न होऊन शेतातलं औषध घेतलं म्हणे. तिला कुणी दवाखान्यात नेलं नाही. अंधार पडायच्या आत तिला जाळलंही. आम्ही तिकडे धावलो तर वाटेत माणसं उभी केलेली होती. “तुमचा तुमी पाहा,” म्हणाले. आमचा आम्ही पाहिला. ताडपत्रीवर ठेवलेला, पांढरा शर्ट चिखलानं भरलेला.

वहिनीची तेरवी त्यांनी केली नाही. करायची काय, आधीच झाली होती.

पुढचं सगळ्यांना ठाऊक असतं तसंच झालं. मोर्चा निघाला. मेणबत्त्या लागल्या. मोठ्या गाड्यांतून माणसं आली, मायसोबत फोटो काढले, मायच्या पदराला हात लावून रडली, गेली. बाबा तालुक्याला, जिल्ह्याला, सगळीकडे फिरले, तेव्हा कुठे खुनाचा गुन्हा लागला. वहिनीचा बाप आणि चुलतभाऊ आत गेले आणि काही महिन्यांनी जामिनावर बाहेर आले. कोर्टात गावातला एकेक माणूस उलटला. कुणी काही पाहिलं नव्हतं. देवरावकाका त्या दिवशी त्याच शेतात होता, निंदण करत, तण उपटत होता. दादाला बांधावरून नेताना त्यानं पाहिलं होतं. आमच्या घरी येऊन रडून सांगितलं होतं त्यानं. कोर्टात म्हणाला, “मी नव्हतो जी तथी. माही तब्येत बरी नव्हती.” त्याला त्यांच्याच शेतात राबायचं आहे, त्याच्या पोराला त्यांच्याच ट्रॅक्टरवर जायचं आहे, हे सगळं मला कळतं. तरी त्याचा राग येतो. येतोच.

मग माझी पाळी आली.

मी सगळं सांगितलं. ते घरी आले, चहा प्याले, जेवायला बोलावलं. पाय धुतले. दार लागलं. त्यांच्या वकिलानं सगळं ऐकून घेतलं. आवाज गोड होता त्याचा. मला ताई म्हणाला.

“ताई, हे तुमच्या घरी आले, चहा प्यायले, असं तुमचं म्हणणं. बरं. मला सांगा, यांच्या घरातलं कोणी याआधी कधी तुमच्या मोहल्ल्यात चहा प्यायला आलं होतं?”

“नाही.”

“तुमच्या वडिलांच्या काळात?”

“नाही.”

“आजोबांच्या?”

“नाही.”

“कधीच नाही?”

“कधीच नाही. त्या दिवशीच आले.”

मागच्या बाकांवर कुणीतरी हसलं. मग अजून कुणीतरी. वकील वळून खाली बसला. त्यानं काही म्हणायची गरजच नव्हती. आमच्या तोंडूनच त्यानं वदवलं होतं की हा माणूस आमच्या दारात पाय ठेवणारा नाही. जो पाणी पीत नाही तो चहा कसा पिईल? शिवाशिव कायद्यानं गेली असं पुस्तकात लिहिलेलं आहे. त्या कोर्टात तीच शिवाशिव उभी राहिली आणि त्याच्या बाजूनं साक्ष देऊन गेली. आमचा विटाळ त्याच्या कामी आला.

माय बाहेर व्हरांड्यात बसली होती. तिच्या पिशवीत टॉवेलात गुंडाळलेला तो निळ्या फुलांचा कप होता. कुणाला न सांगता घेऊन आली होती. “हा दाखव ना त्यायले,” ती मला म्हणाली. “ह्यातच पेला तो. दाखव ना.” दारातला शिपाई म्हणाला, “मावशी, घरी ठेवा, फुटन.”

माझ्या आयुष्यात मला पुष्कळ जणांनी पुष्कळ काही म्हटलं आहे. पण त्या हसण्यासारखं काही नाही. माझा भाऊ मेला त्या दिवशी मी रडले. ते हसले त्या दिवशी माझं रडणं संपलं.

दोघंही सुटले. संशयाचा फायदा. गावात फटाके वाजले, गुलाल उडाला, आणि परत पंगत बसली. कोण कोण जेवलं ते मी आता विचारत नाही. आम्ही वरच्या कोर्टात गेलो आहोत. तारीख लागते, पुढे जाते. बाबा आता तारखेला येत नाहीत. ते खाटेवर पडून छताकडे पाहतात आणि मधूनच म्हणतात, “मीच म्हणलो ना, जावई म्हणून जाय.” मी तो कप फळीवरून खाली काढला. आता रोज मी त्यातच चहा पिते.

गेल्या महिन्यात शेलूबाजारच्या चौकात, माझ्या दुकानाच्या अगदी समोर, फ्लेक्स लागला. भावपूर्ण श्रद्धांजली. एका मुलीचा फोटो, कॉलेजच्या ओळखपत्रावरचा असावा, मान थोडी ताठ धरलेली. खाली तेरवीचा दिवस आणि गाव, कारंज्याकडचं. मी तिला ओळखत नव्हते. दुकानात एक बाई ब्लाउजच्या मापाला उभी होती. खिडकीतून फ्लेक्सकडे पाहून म्हणाली, “पळून गेली म्हणे खालच्या जातीच्या पोट्ट्यासंगं. बरं केलं मायबापानं. बाकीच्या पोट्टींले धाक बसन.”

माझ्या हातात टेप होता आणि तो तिच्या गळ्याभोवती होता. मी माप घेतलं. लिहून घेतलं. ती गेल्यावर दुकान बंद केलं आणि ठाण्यात गेले.

“पोट्टी जिवंत हाय,” मी म्हणाले. “तिची तेरवी घालून राह्यले. तिले पोलीस द्या.”

साहेबांनी फ्लेक्सचा फोटो माझ्या मोबाईलवर पाहिला. “घरगुती कार्यक्रम हाय तो. तेरवी घालणं गुन्हा हाय का?”

“तेरवीच्या मागून काय होते ते मले मालूम हाय.”

“तिनं तक्रार देली का?”

“नाही.”

“मंग तुमी तिच्या कोण?”

मी ठाण्यातून बाहेर पडले. मी तिची कोण? कोणीच नाही. ना जातीची, ना गावची, ना ओळखीची. प्रणाली मेली तेव्हा गावातला प्रत्येक जण हेच म्हणाला होता. आपण कोण तिचे? त्यांच्या घरचा मामला. सगळे कोणीच नव्हते म्हणून ती मेली. घरी येताना जीपमध्ये मी एवढाच विचार करत होते.

तेरवीच्या दिवशी मी त्या गावात गेले. एकटीच. पुऱ्यातल्या दोघींना विचारलं होतं, त्या म्हणाल्या, बाई, आता बस कर, एक पोरगा गेला, तू तरी राहा. त्यांचं चुकलं असं मी म्हणत नाही.

मंडप मोठा होता. पंगतीला चटया अंथरलेल्या. मी मंडपाच्या तोंडाशी उभी राहिले, जिथून सगळे आत जातात. येणाऱ्या प्रत्येकाला म्हटलं, “पोट्टी जिवंत हाय. तिची तेरवी जेऊ नोका.” माणसं बाजूनं गेली. काही थांबली, पाहिलं, गेली. काहींना मी वेडी वाटले. एक म्हातारा म्हणाला, “आमी कायले तिच्या वाईटावर? बलावलं तर यावं लागते ना बाप्पा.” सगळं गाव असंच बोलतं. कोणाच्याही वाईटावर कोणी नसतं, फक्त बोलावलं म्हणून येतं, वाढलं म्हणून जेवतं.

मग मी मोबाईल काढला आणि फोटो घ्यायला लागले. येणाऱ्यांचे. तोंडाचे. तेव्हा पहिल्यांदा गडबड झाली.

“फोटो काहून काढून राह्यली?”

“उद्या तिले कायी झालं त मी तुमचं नाव सांगीन,” मी म्हणाले. “तुमी इथी जेवले म्हणून सांगीन. कोर्टात सांगीन.”

एकानं मोबाईल हिसकावला आणि दगडावर आपटला. दुसऱ्यानं मला ढकललं, मी मंडपाच्या बांबूवर आदळले, कोपर सोललं. कुणीतरी विचारलं, “कोणाची हाय ही? कोणत्या जातीची?” मी जात सांगितली. मग त्यांचं सगळं सोपं झालं, ते मला हातही न लावता दूर झाले. एकही माणूस परत फिरला नाही. एकही पान रिकामं राहिलं नाही. मी पाहत होते. ते जेवत होते.

वाढपी पोळ्यांची टोपली घेऊन चालला होता. त्याला काही ठाऊक नसावं. बाहेरगावचा असेल. मला उभी पाहून सहज म्हणाला, “ताई, बसा ना पंगतीत. उभ्या काहून?”

“जेवीन,” मी म्हणाले. “पोट्टी म्हातारी होऊन मरन, तवा येऊन जेवीन.”

त्याला कळलं नाही. तो पुढे गेला.

त्या मुलीचं काय होईल मला माहीत नाही. कदाचित माझ्या उभं राहण्यानं काही होणार नाही. खरं सांगायचं तर होणार नाही असंच मला वाटतं. दादा आणि वहिनी परत यायचे नाहीत, वरच्या कोर्टाची तारीख लागेल आणि पुढे जाईल, आणि या जिल्ह्यात परत कुठेतरी फ्लेक्स लागेल. तो लागला की मी दुकान बंद करून तिथे जाणार आहे. मंडपाच्या तोंडाशी उभी राहणार आहे. मोबाईल फोडला तर फोडला. तोंडं मला पाठ होतात. मापं घेणारी बाई आहे मी, एकदा पाहिलेला माणूस विसरत नाही.

तुम्ही जिवंत पोरीच्या तेरवीला बसलात, तर तुम्ही साक्षीदार आहात. मी तुमचं नाव घेणार.